‘मतांसाठी भारतीय आणले जातात’, हे साफ खोटं आहे

31 ऑगस्ट 2025 ला ऑस्ट्रेलियात ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’चे स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले. पत्रकात थेट आपलं नाव होतं: शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन आले त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले. तीन दिवसांनी विरोधी लिबरल पक्षाच्या सिनेटर जसिंटा नामपिजिनपा प्राइस यांनी तिथल्या एबीसी वाहिनीवर सुचवलं की भारतीय सत्ताधारी लेबर पक्षाला मत देतात, म्हणून लेबर सरकार त्यांना येऊ देतंय. पुढे त्यांचं शॅडो मंत्रिपद (विरोधी पक्षातलं प्रति-मंत्रिपद) गेलं आणि बातम्या लिबरल पक्षाच्या नेतृत्वावर घसरल्या. मूळ विधान खरं की खोटं, ते बाजूलाच राहिलं.

आधी मतांचं बघू. पुण्याहून मेलबर्नला शिकायला गेलेल्या मुलीला मत नाही. शिक्षण संपून ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, तरी नाही. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाला, तरी नाही. नागरिकत्वाला चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं किमान एक वर्ष पीआरवर. मग वीस प्रश्नांची परीक्षा: पंधरा बरोबर हवेत, आणि मूल्यांवरचे पाच तर सगळेच. त्यानंतर शपथविधी. यात बहुतेकांची सात-आठ वर्षं सहज जातात. तिथल्या प्रतिनिधिगृहाची मुदत तीन वर्षांची. दोन निवडणुकांनंतर मिळेल न मिळेल अशा मतासाठी कुठला पक्ष आज व्हिसा वाटेल?

माणसं निवडली जातात ती गुणांवर: वय, इंग्रजी, शिक्षण, अनुभव. किमान 65 गुण लागतात, आणि भारतीय पासपोर्टला एकही गुण नाही. तरुण पदवीधरांसाठीच्या मेट्स योजनेत भारतीयांना वर्षाला 3,000 जागा आहेत हे खरं, पण तो व्हिसा तात्पुरता आहे. वर्किंग हॉलिडेच्या (फिरता फिरता काम करण्याच्या व्हिसाच्या) 1,000 जागा तर लिबरल पंतप्रधान मॉरिसन यांच्या सरकारच्या 2022 च्या करारातल्या.

आणि वाढ झाली कुणाच्या काळात? भारतात जन्मलेले 2016 च्या जनगणनेत साडेचार लाख होते, 2021 मध्ये पावणेसात लाख. ही सगळी वर्षं लिबरल-नॅशनल आघाडीच्या सत्तेची.

पत्रकातला हिशेबही यातच कोसळतो. पाच वर्षांत वाढ सव्वादोन लाखांच्या आत, आणि 1971 च्या एकट्या जनगणनेत इटली-ग्रीसमध्ये जन्मलेले मिळून सुमारे साडेचार लाख.

‘विरोध संख्येला आहे, वंशाला नाही’ असंही सांगितलं जातं. मग मोर्चांच्याच दिवशी मेलबर्नच्या किंग्ज डोमेन उद्यानात नवनाझींनी आदिवासींच्या ‘कॅम्प सॉव्हरेंटी’ या आंदोलन-छावणीवर हल्ला का केला? ती माणसं तर कुठल्याच व्हिसावर आलेली नाहीत! प्राइस स्वतः वार्लपिरी या आदिवासी समाजातल्या आहेत. निदान त्यांनी तरी या मोर्चेवाल्यांच्या भीतीला आधार द्यायला नको होता.

भारतीयांचा कल लेबरकडे आहे, हे मान्य. पर्थच्या स्वॉन मतदारसंघातून निवडून आलेल्या, गोव्याचं मूळ असलेल्या झनेटा मस्करेन्हस लेबरच्याच. पण भारतीय वंशाचे सिनेटर डेव्ह शर्मा लिबरल आहेत. ज्या पक्षाला ही मतं हवीत, त्याने ती मागावीत. तुम्हाला कुणीतरी आणून बसवलंय, असं ऐकवून ती मिळणार नाहीत.