छोटा पीसी पाहिजे? मग आधी आयटीएक्सचं खूळ डोक्यातून काढा

गेले काही महिने इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. दादा, साठ-सत्तर हजारात छोटासा पीसी बसवायचाय, गेम पण खेळायचेत, व्हिडिओ एडिटिंग पण करायचंय, पार्टची लिस्ट दे ना. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून इथे एकदाच लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि तयार लिस्ट मिळणार नाही हे आत्ताच सांगतो, कारण लिस्ट दिली की लोक डोकं बाजूला ठेवून दुकानात जातात आणि त्यातला एक पार्ट नसला की दुकानदार जे हातात देईल ते घेऊन येतात.

माझं म्हणणं सरळ आहे. बजेट टाइट असेल तर मिनी आयटीएक्सच्या वाटेला जाऊ नका, मायक्रो एटीएक्स घ्या. हे दोन मदरबोर्डचे साइज आहेत, म्हणजे ज्या मुख्य बोर्डावर बाकीचे पार्ट बसतात त्याचे.

आता हे म्हटलं की पोरं नाराज होतात. माझा भाचाच घ्या, लालबागला राहतो, मंडळाच्या आगमन सोहळ्यांचे व्हिडिओ करतो, रात्री व्हॅलोरंट गेम. त्याने मला कुठला तरी परदेशी व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा हा बघ, बुटाच्या खोक्याएवढा पीसी, आपल्या घरात हाच बसेल." दिसायला झकास, नाही म्हणत नाही. पण मिनी आयटीएक्सचा बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर आणि मायक्रो एटीएक्सचा २४४ बाय २४४, म्हणजे एका बाजूला फरक ७४ मिलिमीटरचा, चार बोटं. या चार बोटांसाठी बोर्डाला दीडपट, कधी दुप्पट पैसे जातात. मग त्या छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बसत नाही, एसएफएक्स नावाच्या छोट्या साइजचा घ्यावा लागतो, तो महाग आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चार दुकानं फिरल्याशिवाय मिळत नाही. कूलर बुटका हवा, तो पण वेगळा. ग्राफिक कार्ड आखूड हवं, म्हणजे सेलमध्ये जे स्वस्त मिळतंय ते नेमकं लांब निघणार. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे जास्त, आणि हे सगळे पैसे शेवटी ग्राफिक कार्ड आणि रॅममधूनच कापले जातात, दुसरीकडून येणार कुठून?

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. आयटीएक्स बोर्डावर रॅमचे स्लॉट दोनच असतात. आज ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या टाकल्या आणि उद्या ३२ करायची झाली तर त्या दोन्ही काढून विकायच्या आणि १६ च्या दोन नव्या घ्यायच्या. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता हे परवडणार आहे का सांगा. चार स्लॉटचा मायक्रो एटीएक्स असेल तर आज १६ मध्ये भागवा, भाव उतरले किंवा एखादं लग्नाच्या व्हिडिओचं काम मिळालं की आणखी दोन टाका. पण सगळे मायक्रो एटीएक्स चार स्लॉटवाले नसतात हं, स्वस्तातल्या एच६१० चिपसेटच्या बोर्डावर पण दोनच असतात, बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा बघा आणि बॉक्सवरच्या फोटोत स्लॉट मोजून घ्या.

"पण मुंबईत जागा कुठाय?" बरोबर आहे. मी पण बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत लहानाचा मोठा झालेल्या मित्रांबरोबर खेळलोय, मला जागेचं कौतुक सांगू नका. पण पीसी कुठे ठेवणार ती जागा टेपने मोजलीय का कोणी? भाच्याच्या घरी टीव्ही युनिटच्या खालचा कप्पा ठरला होता. मोजला तर उंची भरपूर, रुंदी भरपूर, अडत होती ती खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप. कॅबिनेट एकवेळ आत जाईल, पण मागे एचडीएमआय आणि पॉवरच्या वायरी वळायला सहा-सात सेंटिमीटर लागतात, ते कोणी धरतच नाही. आणि कप्प्याला मागे प्लायवूड ठोकलेलं, म्हणजे ग्राफिक कार्डाने फेकलेली गरम हवा तिथेच फिरून परत आत. तिथे बुटाचं खोकं ठेवलं असतं तर ते आणखी लवकर तापलं असतं, छोट्या डब्यात गरम हवेला जायला जागाच नसते. शेवटी प्लायवूडला सुताराकडून मोठं भोक पाडून घेतलं, कप्प्याचं दार काढून टाकलं, आणि मायक्रो एटीएक्सचं आखूड कॅबिनेट आरामात बसलं. ताईने दाराचं तेवढं मनाला लावून घेतलं.

आता एडिटिंग. इथे लोक सगळ्यात जास्त गंडतात. सगळे विचारतात प्रोसेसर कुठला, कोणी विचारत नाही की फुटेज कुठलं. अरे, आधी तुम्ही शूट कशावर करता ते सांगा. फोनवर 4के ६० फ्रेमला शूट केलं की ते बहुतेक एचईव्हीसीत (म्हणजे एच.२६५, व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) सेव्ह होतं, आयफोनवर मिनिटाला साधारण ४०० एमबी, तासाला २४ जीबी. फाइल लहान असते कारण ती घट्ट दाबलेली असते, आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर सरकवताना ती प्रत्येक वेळी उलगडावी लागते. हे उलगडायचं काम प्रोसेसरच्या कोअरवर टाकलं की पीसी रडतो, त्यासाठी चिपमध्ये वेगळा डिकोडर असतो. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात आणि तो प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकमध्ये असतो.

म्हणून इंटेलचा घेणार असाल तर एफ वाला घेऊ नका. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ, दोघांना सहा कोअर, बारा थ्रेड, गेममध्ये काडीचा फरक नाही, एफ थोडा स्वस्त. सगळे गेमर सांगतात एफ घे, कार्ड लावणारच आहेस ना. गेमरसाठी बरोबरच आहे ते. पण एफमध्ये आतलं ग्राफिक बंद, म्हणजे क्विक सिंक पण गेलं. ज्याच्याकडे मिररलेस कॅमेरा आहे आणि तो ४:२:२ १०-बिट एचईव्हीसी (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार) शूट करतो त्याला तर हे फारच लागेल, कारण बाराव्या पिढीच्या इंटेलचं आतलं ग्राफिक ते फुटेज उलगडतं, आणि एनव्हीडियाची ३० आणि ४० सिरीजची कार्डं उलगडत नाहीत, एनव्हीडियाने ते ५० सिरीजपासून दिलंय. म्हणजे महागडं ४० सिरीजचं कार्ड असून टाइमलाइन अडकणार आणि आतलं फुकटचं ग्राफिक ती चालवणार, अशी गंमत. वर आणखी एक फायदा, कार्ड बिघडून सर्व्हिसला गेलं तरी मॉनिटर चालू राहतो.

एएमडीवाले चिडू नका. रायझन ५ ५६०० चांगलाच आहे, ६५ वॉटचा, बॉक्समध्ये कूलर येतो, त्याला लागणारा जुना एएम४ सॉकेटचा बोर्ड कोणाकडून मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त फोनचंच फुटेज असेल तर ग्राफिक कार्डाचा डिकोडर ते आरामात उलगडतो. पण दुकानदार ५६०० संपला म्हणून ५६००जी हातात देतात, "सेमच आहे सर, वर ग्राफिक फ्री" असं म्हणून. सेम नाहीये. जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२, आणि जी वाला ग्राफिक कार्डाशी जुन्या, हळू पीसीआयई ३.० वरच बोलतो. कार्डाचे पैसे आत्ता अजिबात नसतील आणि सहा महिन्यांनी घेणार असाल तर जी ठीक आहे, नाहीतर नाही. एएम५ या नव्या सॉकेटवर रायझन ५ ७६०० घ्यायची ऐपत असेल तर उत्तम, तो सॉकेट पुढे पण चालणार आहे, पण तिथे डीडीआर५ रॅमशिवाय पर्याय नाही आणि आत्ताच्या रॅमच्या भावात सगळं गणित तिथेच कोसळतं.

ग्राफिक कार्ड. नुसतं गेमिंग असतं तर मी एएमडीचं आरएक्स ६६०० सांगितलं असतं, १३२ वॉट, १०८०पी ला मस्त. पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीडियाची साथ जास्त चांगली मिळते हे मान्य करायला लागतं, त्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी मी देईन. आता कार्डावरची मेमरी ८ जीबी का १२ जीबी? भाच्याचं सगळं फुटेज रात्रीचं असतं, अंधार, हॅलोजन, गुलाल, हवेत उडणारे कागदाचे तुकडे, त्यात फोनने आयएसओ वाढवलेला, म्हणजे चित्रभर दाणे. ते दाणे काढायचं नॉइज रिडक्शन 4के क्लिपवर लावलं की दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर ८ जीबीच्या कार्डावर कधीतरी सरळ मेमरी भरली म्हणून हात वर करतं. १०८०पी टाइमलाइनवर केलं तर तो त्रास बराच कमी होतो, आणि रीलला तसंही १०८० बाय १९२० च लागतं. त्यामुळे जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबीवालं चांगल्या अवस्थेत मिळालं तर घ्या, पण ३०६० चं एक ८ जीबीचं रूप पण आहे, त्याची मेमरी बस १९२ ऐवजी १२८ बिट, ते कोणी १२ च्या भावात चिकटवत नाही ना बघा. नवीनच हवं असेल तर ४०६० फक्त ११५ वॉट खातं, छोट्या कॅबिनेटला बरं, आणि ५०६० मिळालं तर तो ४:२:२ चा प्रश्न पण सुटला.

आणि आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी एडिटिंगसाठी घेऊ नका. ४ जीबी तर आहेच, वर त्यात एच.२६४ आणि एच.२६५ चा एन्कोडरच नाही, म्हणजे तयार व्हिडिओ दाबून फाइल करणारा भागच नाही. एक्सपोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर. एडिटिंगच्या पीसीत असलं कार्ड कशाला?

जुनं घेताना जीएसटी बिल मागा, कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवून बघा, अर्धा तास गेम चालवून पंख्यांचा आवाज ऐका. क्रिप्टो माइनिंगमध्ये रात्रंदिवस राबवलेलं आहे का विचारलं तर कोणी हो म्हणणार नाही, त्यामुळे विचारण्यात अर्थ नाही.

एसएसडी १ टीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान), आणि जुनं काम टाकायला एक साधी हार्डडिस्क. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, फक्त क्यूएलसी प्रकारच्या मेमरीची अगदी स्वस्त एसएसडी मोठी फाइल टाकताना मध्येच दम सोडते, शूटवरून आल्यावर १०० जीबी कॉपी करताना कळतं.

एसएमपीएसबद्दल मात्र बोलतो. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो वापरू नका. आणि ७५० वॉटचा पण नको, कोण सांगतं तुम्हाला हे? १२४०० जोर लावला तरी ११७ वॉट, ३०६० चे १७०, बाकी सगळं धरून ३५० च्या आत. चांगल्या कंपनीचा ५५० वॉट, ब्रॉन्झ रेटिंगचा रग्गड झाला. पण यूपीएस? घरात पडलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यावर पीसी, मॉनिटर, वायफाय सगळं टाकलं की एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की तो पण लगेच कोलमडणार. १००० व्हीएच्या आसपासचा घ्या. मुंबईत लाइट जातेच कुठे म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा, अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती.

धुळीचं पण बघा. लालबाग-परळमध्ये जिकडे बघाल तिकडे टॉवरची कामं चालू आहेत, खिडकी उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. समोर जाळी आणि तिच्यामागे काढता येणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या, समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. तेवढ्याच पैशात सात रंगांचे दिवे आणि समोर बंद काच मिळत असेल तर दिव्यांचा मोह आवरा.

एक विषयाबाहेरचं. "मामा पीसी स्लो आहे, आवाज मागे पडतो" असा फोन आला होता. ढोलावर टिपरू पडतंय आणि आवाज नंतर येतोय. तो पीसीचा दोष नाही. फोन व्हेरिएबल फ्रेम रेटवर शूट करतो, एका सेकंदात कधी ६० फ्रेम कधी ५७, एडिटरचा हिशोब चुकतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्यायचं आणि मग टाइमलाइनवर टाकायचं. याच्यासाठी नवीन प्रोसेसर घेणारी माणसं मी बघितलीत.

लॅपटॉप का नाही, हे विचारणारे येतीलच. रोज लोकलने घेऊन फिरायचं असेल तर लॅपटॉपच घ्या ना. पण एकाच जागी ठेवायचं असेल तर त्याच पैशात पीसीचं कार्ड जास्त पळतं, आणि एखादा पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालत जा, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारच्या आत. रविवारी बहुतेक दुकानं बंद. आधी ऑनलाइनचे भाव कागदावर लिहून न्या, पहिल्या दुकानात काही घेऊ नका, भाव पक्का करताना "जीएसटी धरून ना?" हे विचारा, कारण १८ टक्के शेवटी वर लावले की सगळी घासाघीस वाया. असेंबल तिथेच करून घ्या आणि चालू करून डिस्प्ले बघूनच पैसे द्या. प्रत्येक पार्टचा बॉक्स आणि बिल घरी न्या, माळ्यावर जागा नसली तरी, वॉरंटीला लागतात. आणि काचेचं कॅबिनेट घेऊन संध्याकाळी सहाच्या गाडीत चढायचा विचार असेल तर टॅक्सीचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा.

कमेंटमध्ये बजेट, फुटेज कशावर शूट करता आणि ठेवायच्या जागेची उंची-रुंदी-खोली लिहा. खोली लिहिली नसेल तर मी उत्तर देणार नाही.