टॅब गिळणारा एडिटर

टेक्स्ट एडिटर लिहायला मला चार महिने लागले. त्याची पुडी बांधायला किती लागतील, हा प्रश्न मला पडलाच नाही. "अरे, डेब फाइल करून दे. डबल-क्लिक केलं की इन्स्टॉल झालं पाहिजे," मित्र म्हणाला. डेब म्हणजे डेबियन, उबुंटू अशा लिनक्सवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायची पुडी. "संध्याकाळी पाठवतो," म्हणून मी मोकळा झालो. कुठल्या संध्याकाळी ते सांगितलं नव्हतं, हेच त्यातल्या त्यात शहाणपण.

एक तयार डेब फाइल उकलून पाहिली तर आत तीनच वस्तू. माहितीचं एक गाठोडं, मालाचं एक गाठोडं, आणि एक चिमुकली फाइल, जिच्यात '२.०' एवढंच लिहिलेलं. म्हटलं, हे काय, हां हां म्हणता होईल.

मग चेंजलॉग भेटला, म्हणजे कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची नोंदवही. नोंदीच्या शेवटच्या ओळीला आधी एक स्पेस, मग दोन डॅश, मग नाव, ईमेल, आणि ईमेल व तारीख यांच्यामध्ये दोन स्पेस. एक दिलीत तर कुरकुर. वार तारखेशी जुळला नाही तर वेगळी कुरकुर. मी चार महिने काय लिहिलं याच्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. मी कुठे काहीच लिहिलं नाही, त्याची मात्र मोजदाद चालू होती.

खरं घोडं अडलं ते 'रूल्स' फाइलपाशी. ही म्हणजे मेकफाइल: पुडी कशी बांधायची याच्या कमांडची यादी, जी 'मेक' हा प्रोग्रॅम वाचतो. 'मेक' १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यात कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. हे गैरसोयीचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते. त्यांची अडचण नको म्हणून टॅब तसाच राहिला. त्या डझनभरांची सोय झाली. बाकी आम्ही आहोतच.

मी रूल्स लिहिली, बिल्ड चालवलं, म्हणजे पुडी बांधायला घेतली. मेक म्हणालं: 'मिसिंग सेपरेटर'. आणि पुढे कंसात नम्र चौकशी: आठ स्पेसच्या जागी टॅब म्हणायचंय का? म्हणजे बघा, त्याला सगळं कळलंय! तरी पुढचा शब्द 'स्टॉप'.

स्पेस खोडल्या, टॅब दाबला, सेव्ह केलं. मिसिंग सेपरेटर. पुन्हा खोडल्या, टॅबची कळ जरा जोरात दाबली. मिसिंग सेपरेटर. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. कीबोर्ड बदलला. फाइल उडवून नव्याने लिहिली. दुपार गेली, संध्याकाळ (ती मित्राला कबूल केलेली) गेली. रात्री ट्यूब पेटली: मी रूल्स लिहीत होतो माझ्याच एडिटरमध्ये, कौतुकाने. आणि त्यात मी कौतुकानेच घातलेली सोय होती: सेव्ह करताना प्रत्येक टॅबच्या आठ स्पेस करणे. काखेत कळसा!

पुढचं त्या मानाने किरकोळ. स्वच्छ, रिकाम्या चौकटीत (जिथे माझ्या मशीनवरचं काहीच नसतं) बिल्ड केलं तेव्हा एडिटरला लागणाऱ्या अर्ध्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, फक्त माझ्याच मशीनवर आहेत असं निघालं. प्रोग्रॅम मेनूत दिसावा म्हणून जी डेस्कटॉप फाइल लागते, तिच्या 'एक्झेक' ओळीत '%F' (क्लिक केलेल्या फाइलचं नाव जिथे येतं ती खूण) विसरलो, म्हणून कुठल्याही फाइलवर क्लिक केलं की एडिटर उघडायचा आणि कोरं पान दाखवायचा. शेवटी 'लिंटियन' हा पुड्या तपासणारा प्रोग्रॅम. त्याने मॅन्युअल पेज नाही म्हणून बोल लावला, माझ्या प्रोग्रॅममधल्या स्पेलिंगच्या चुका दाखवल्या. त्याच्या तक्रारींत 'पेडँटिक' असा वेगळा वर्गच आहे. खुसपट काढतोय हे स्वतः कबूल करून खुसपट काढणारा दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

नवव्या संध्याकाळी डेब पाठवली. मित्राचं लगेच उत्तर आलं: "मस्त रे! फक्त टॅबच्या आपोआप स्पेस होतायत, तेवढं बघ."

दुरुस्ती एका ओळीची होती. पण नवी आवृत्ती म्हटल्यावर चेंजलॉगात नवी नोंद आलीच. कॅलेंडरात वार पाहिला, आणि पडद्याला बोट लावून तारखेआधीच्या स्पेस मोजल्या. एक. दोन.