फोर-के कॅमेरा असला म्हणजे झालं?

‘दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना एकच विचारा, कॅमेरा फोर-के (म्हणजे खूप जास्त पिक्सेलचं, बारीक तपशील दाखवणारं चित्र देणारा) आहे का?’ अशा अर्थाची पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. तिच्या मते पडद्यावर धूसर दिसतं ते जुन्या कॅमेऱ्यामुळे, मध्येच दुर्बीण काढून पुसणं हा हलगर्जीपणा, उजेड वाढवला की स्पष्ट दिसतं, आणि चित्र लख्ख असलं की चूक होत नाही. ऑपरेशनच्या तयारीत असलेला माणूस हे वाचून भलतीच काळजी करत बसतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी धूसरपणा. थिएटरमध्ये तापमान साधारण 20 अंश, पोटात 37 अंश आणि भरपूर दमटपणा. थंड भिंग आत गेलं की त्यावर बाष्प धरणारच, मागे पिक्सेल कितीही असोत. म्हणून स्कोप, म्हणजे दुर्बीण, आधी गरम सलाईनमध्ये ठेवतात, टोकाला अँटी-फॉग द्रावण लावतात. शिवाय पोट फुगवायचा कार्बन डायऑक्साइड थंड आणि कोरडा येतो. त्याची नळी कॅमेऱ्याच्याच पोर्टला (दुर्बीण आत घालायच्या छिद्रातल्या नळीला) जोडली असेल तर तो भिंगाला गार करत राहतो. नळी दुसऱ्या पोर्टला लावली की बरंच निभावतं.

पुसण्याला हलगर्जीपणा म्हणणं तर मला अन्यायाचं वाटतं. रक्ताचा थेंब, चरबीचे शिंतोडे, कॉटरीचा (विजेच्या उष्णतेने ऊती जाळणाऱ्या उपकरणाचा) धूर हे सगळं भिंगावर बसतं. पुसायला काही सेकंद लागतात. डागाळलेल्या भिंगातून कात्री चालवणं खरं धोक्याचं.

उजेडाचा दावा सगळ्यात फसवा. रक्त उजेड शोषून घेतं, त्यामुळे रक्तस्राव झाला की लाइट तितकाच असूनही आत अंधारून येतं. तेव्हा नुसता लाइट वाढवला तर चकचकीत हत्यारांवरून झळाळी येते, खोलगट भाग काळाच राहतो. रक्त आटोक्यात आणणं हाच उपाय. सायनसच्या ऑपरेशनमध्ये डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवतात, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अ‍ॅड्रेनालिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या नाकात ठेवतात आणि भूलतज्ज्ञ रक्तदाब व नाडी काबूत ठेवतात. चित्र सुधारण्यात भूलतज्ज्ञांचा वाटा इतका मोठा असतो, पण पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. खांद्याच्या आर्थ्रोस्कोपीत, म्हणजे सांध्यात पंपाने पाणी भरून केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, उघड्या छिद्रातून पाणी जोरात बाहेर पडू लागलं की त्या ओढीने रक्तही येतं. तिथे पंपाचा दाब वाढवण्यापेक्षा छिद्रावर बोट ठेवल्याने दृश्य लवकर निवळतं. आणि कधी दोष फक्त लाइट केबलचा असतो: वाकवून वाकवून तिच्यातले उजेड वाहून नेणारे तंतू तुटलेले असतात.

फोर-केचा उपयोग आहेच, बारीक रक्तवाहिन्या आणि पातळ पडदे त्यात उठून दिसतात. पण कॅमेरा, प्रोसेसर, मॉनिटर सगळं त्याच दर्जाचं असेल तरच.

राहिला शेवटचा दावा. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला झालेल्या 252 इजांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 97 टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम होतं: सर्जनला नळी दिसत होती, पण ती वेगळीच नळी समजली गेली. म्हणूनच 1995 मध्ये सर्जन स्ट्रासबर्ग यांनी मांडलेली पद्धत आज जगभर शिकवतात. पित्ताशयाखालच्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना (त्याची नळी आणि रक्तवाहिनी) दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. तेवढं दिसतच नसेल तर पद्धत बदलायची, गरज पडल्यास पोट उघडायचं.