नाकारला नाही हो, मागे घेतला!

काल दुपारी एका क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये, पंधरा-वीस अनोळखी माणसांच्या साक्षीने, माझं नव्याने बारसं झालं. नाव ठेवलं, ‘मागे घेतलेली’. राग ताजा आहे म्हणून लगेच लिहायला बसलेय. दोन दिवस थांबले तर मलाही यात गंमत दिसायला लागेल, आणि ती मला इतक्यात दिसायला नकोय.

मागचं भराभर सांगते. ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ नावाचा व्हिसा असतो, सबक्लास ४६२. वर्षभर तिथे हिंडायचं, पैसे संपले की मिळेल ते काम करायचं, पुन्हा हिंडायचं. भारतीयांसाठी हे दार २०२४ मध्ये उघडलं. वर्षाला १,००० जागा आणि त्यासाठी सोडत. पहिल्याच खेपेला ४०,००० च्या आसपास लोकांनी नावं दिली. २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून मीही दिलं. आणि लागलं! आमच्या घरात आजवर कुणाला लकी ड्रॉमध्ये प्लास्टिकची बादलीसुद्धा लागलेली नाही. नाव लागल्यावर अर्ज करायला २८ दिवस मिळतात. केला. ६५० डॉलर भरले, मेडिकल केलं, बॅगांच्या किमती बघायला लागले.

तेवढ्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “तू आत्ता गेलीस तर टीम मी कुणाच्या हातात देऊ?” हा प्रश्न आहे की बढती, हे तिथल्या तिथे विचारून घ्यायला हवं होतं. मी नाही विचारलं. फॉर्म १४४६ उतरवून घेतला. व्हिसाचा अर्ज मागे घ्यायचा असेल तर तो भरतात. सही केली, अपलोड केला, झालं. अर्ज जमवायला तीन आठवडे गेले होते, मागे घ्यायला तीन आठवड्यांतली एक दुपारही लागली नाही. ६५० डॉलर अर्थातच गेले. तुमचं मन बदललं म्हणून ते काही पैसे परत करत नाहीत. दोन महिन्यांनी टीम दुसऱ्याच्या हातात गेली. त्याच्या अभिनंदनाच्या कार्डावर सह्या गोळा करायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

पुढच्या वर्षी पुन्हा २५ डॉलर, पुन्हा सोडत आणि पुन्हा माझं नाव! खरं सांगते, आनंद कमी झाला आणि भीतीच जास्त वाटली. माणसाच्या वाट्याला आयुष्यभरात येणारं नशीब मी एकाच खिडकीवर दोनदा खर्चून बसलेय. दरम्यान फी ६७० झाली होती. आणि माझा एकतिसावा वाढदिवस अडीच महिन्यांवर आला होता. एकतीस पूर्ण झाली की या व्हिसाचं दार बंद.

मेडिकल साधारण वर्षभर चालतं. माझं शिळं झालेलं, म्हणून काल पुन्हा तेच क्लिनिक, त्याच निळ्या खुर्च्या, कोपऱ्यात तीच माशांची टाकी. मागच्या वर्षी तिच्यात दोन मासे होते, आता एक उरलाय. दुसऱ्याने अर्ज मागे घेतला असावा.

माझ्या शेजारी एक काका बसले होते. मांडीवर कप्प्याकप्प्यांची फाइल, प्रत्येक कप्प्यावर स्केचपेनने चिठ्ठी: ‘मूळ’, ‘झेरॉक्स’, ‘झेरॉक्सची झेरॉक्स’. मुलाकडे मेलबर्नला निघाले होते. वय शहात्तर, आणि पंचाहत्तरीपुढच्या माणसाला नुसतं पाहुणा म्हणून जायचं तरी मेडिकल लागतं. काकूंना लागत नव्हतं. त्या काकांचा चष्मा सांभाळायला आल्या होत्या.

“तू कशाला निघालीस? शिकायला?”

“नाही काका. फिरायला. आणि कामालाही.”

“दोन्ही?” त्यांनी फाइल मिटली. “रजा टाकून काम करणार? का कामावर असताना रजेवर?”

मी व्हिसा समजावून सांगितला. ही माझी पहिली चूक.

“काम कसलं पण?”

“मिळेल ते. कॅफेत, शेतावर. फळं तोडायची वगैरे.”

“इथे काय करतेस?”

“आयटीत आहे.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माशाकडे पाहिलं.

“कायम करतील ना पण तिथे?”

“नाही. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. नियमच आहे.”

“म्हणजे ग्रॅच्युइटी नाही,” काका म्हणाले. एवढ्या गंभीर आवाजात की समोरच्या बाईंनी फोनमधून मान वर काढली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, पहिलीच वेळ का, आणि मी खरं बोलले. ही दुसरी चूक. “नाही, मागच्या वर्षीही अर्ज केला होता. मागे घेतला.”

“नाकारला?”

“नाही, मागे घेतला. मी.”

“हो हो,” काका समजूतदारपणे म्हणाले. “मुलगी बघायला गेलं आणि नकार आला, की आमच्या वेळीही असंच म्हणायचे. आम्हालाच पसंत नव्हती.”

“काका, नाकारणं वेगळं आणि मागे घेणं वेगळं. अर्जात स्पष्ट विचारतात, व्हिसा कधी नाकारलाय का, कधी रद्द झालाय का. मी दोन्हीला ‘नाही’ लिहिलंय.”

“आणि मागे घेतलेल्यांचा रकाना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“बरं, मागे घेतलास,” काका आता खुर्चीत माझ्याकडे वळून बसले. “निवडणुकीत उमेदवार अर्ज मागे घेतात. शेवटच्या दिवशी, तीनच्या आत. पण घेतात कशासाठी? काहीतरी मिळतं म्हणून. एखादं महामंडळ. गेला बाजार पुढच्या वेळचा शब्द. तुला काय मिळालं?”

“काही नाही.”

“शब्द?”

“शब्द मिळाला होता.”

“लेखी?”

मी माशाकडे पाहिलं.

“आणि भरलेली फी?”

“परत मिळत नाही.”

“म्हणजे अनामतही जप्त!” काका मोठ्याने म्हणाले. चार खुर्च्यांपर्यंत हशा गेला. “लढली नाहीस, बसलीस, आणि वर डिपॉझिट गेलं. अगं, अपक्षाचीसुद्धा अशी गत होत नाही!”

त्यांचं काही चुकत नव्हतं, हाच खरा त्रास. काल रात्री मी मराठीत काय काय मागे घेतात याची यादी करत पडले होते. संप मागे घेतात, राजीनामा मागे घेतात, तक्रार मागे घेतात, शब्द मागे घेतात. यातलं एकही माणूस आपखुशीने मागे घेत नाही. कुणीतरी दटावलेलं असतं, नाहीतर कुणीतरी गोड बोललेलं असतं. मग मी एकटीनेच काय ते राजीखुशीने घेतलं, हे लोकांनी का मानावं? अडचण अशी की मलाही आता ते पटेनासं झालंय.

आणि एवढी धावपळ का, तर वय. ऑस्ट्रेलियाचे असे व्हिसे दोन प्रकारचे आहेत. आमचा ४६२, ‘वर्क अँड हॉलिडे’. दुसरा ४१७, ‘वर्किंग हॉलिडे’. नावात फरक एका ‘अँड’चा, पण तो ‘अँड’ आम्हाला फार महाग पडतो. ४१७ वाल्यांना कुणी शिक्षण विचारत नाही. आम्हाला बारावीनंतरची किमान दोन वर्षं दाखवावी लागतात, इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं आणि त्याआधी चिठ्ठीत नाव निघावं लागतं. ब्रिटिश, फ्रेंच, कॅनेडियन, आयरिश माणूस पस्तिशीपर्यंत हिंडायला जाऊ शकतो. आम्ही एकतिसाव्या वाढदिवसाला अचानक प्रौढ होतो. सफरचंदाच्या झाडावर चढायला आयरिश गुडघे पाच वर्षं जास्त चालतात, असं कुठे सिद्ध झालं असेल तर माझी तक्रार नाही. देश त्यांचा, नियम त्यांचे, मान्य. पण फुकट गेलेलं वर्ष मी त्यांच्यावर ढकलू शकत नाही. ते साहेबांच्या केबिनमध्ये गेलं. साहेब अजूनही लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, “काय मग, ऑस्ट्रेलिया?” जणू ते एखादं जुनं दुखणं आहे.

असो. क्लिनिकमध्ये एव्हाना बातमी पसरली होती. पलीकडच्या रांगेतल्या एका मुलाने खाली वाकून हळूच विचारलं, “मॅडम, एकदा मागे घेतला की पुढच्या वेळी नक्की लागतो का?” त्याला वाटलं ही काहीतरी युक्ती आहे. मी नाही म्हटलं, तर ‘सांगत नाही बघा’ अशा नजरेने तो मागे टेकला. एका बाईंनी लग्न ठरलं होतं का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. “मग का बरं मागे घेतलास?” खोलीत तेवढ्यापुरती खरीखुरी शांतता झाली. लग्न ठरलं असतं तर सगळ्यांनाच सोयीचं गेलं असतं.

“अहो, सोडा आता तिला,” काकू पहिल्यांदाच बोलल्या. मला भरून आलं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “यांनीही व्हीआरएसचा अर्ज मागे घेतला होता. साहेबांनी थांब म्हटलं म्हणून.”

काकांनी ‘झेरॉक्सची झेरॉक्स’ हा कप्पा उघडला आणि त्यात फार लक्षपूर्वक काहीतरी शोधायला लागले.

मला आणखी बोलायचं होतं, पण नर्सने नाव पुकारलं. वजन, उंची, रक्तदाब. “मागच्या वर्षीपेक्षा चार किलो जास्त,” नर्स म्हणाली. निदान काहीतरी पुढे गेलं होतं. मग एक्स-रे. पाठीमागे नाड्या असलेला तो हिरवा गाऊन, नाड्या तीन आणि त्यातली एक तुटलेली. छाती गार पत्र्याला टेकवून, खांदे पुढे ढकलून उभी राहिले.

“श्वास घ्या. अजून. आता रोखून धरा. हलू नका.”

दार नीट लागलं नव्हतं. बाहेरून काकांचा आवाज आला, चांगला खणखणीत. “ती मागे घेतलेली झाली का हो? तिच्यानंतर माझा नंबर आहे.”

आतून मी ओरडले, “नाकारला नाही हो—”

“हललात तुम्ही,” टेक्निशियन म्हणाला. “परत काढावा लागेल.”