पत्र्याची डबी लिपो बॅटरीला वाचवत नाही

मॉडेल विमानं उडवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीबद्दल, म्हणजे विमानाची मोटार चालवणाऱ्या चार्जिंगच्या बॅटरीबद्दल, एक निरोप फिरतोय: "लिपो बॅटरी पत्र्याच्या डबीत घालून विमानाच्या नाकात घट्ट चिकटवा, पडलं तरी काही होत नाही. पडल्यावर फुगली नसेल तर खुशाल चार्ज करा. खराब झालीच तर मिठाच्या पाण्यात टाका, लगेच मरते." नांदेड-परभणीकडची कॉलेजची मुलं हे खरं धरून विमानं बांधताहेत, याची मला काळजी वाटते.

आधी डबीचं बघू. समजा बॅटरी 180 ग्रॅमची, पडतानाचा वेग सेकंदाला 15 मीटर. ती एका सेंटिमीटरात थांबली तर तिच्यावर सरासरी 200 किलोचा भार येतो, पाच सेंटिमीटरात थांबली तर 40 किलोचा. म्हणजे वाचवतं ते थांबायचं अंतर. उन्हाळ्यात आपली काळी रानं इतकी टणक होतात की जमीन दबत नाही. दबायचं ते विमानाच्या नाकानंच. पत्रा नीट चेपत नाही, आणि चेपलाच तर त्याची कड बॅटरीत घुसते. त्यापेक्षा बॅटरीपुढे चार-पाच सेंटिमीटर मऊ फोम भरा. मोटारीचा मागे आलेला शाफ्ट, स्क्रूंची टोकं कापून टाका. खाली वेल्क्रो, वरून एक पट्टा. मागं मात्र पक्का अडसर हवाच, कारण हवेत बॅटरी मागं सरकली की तोल जातो आणि विमान हाताबाहेर जातं.

फुगली नाही म्हणजे धड आहे, हा समज तर सगळ्यात घातक. आतल्या थरांमधला पडदा केसाहून पातळ असतो. तो चिरला तरी बाहेरून काही दिसत नाही. आत शॉर्ट होऊन बॅटरी पेटू शकते, ती काही मिनिटांनी, कधी तासांनी, कधी थेट पुढच्या चार्जिंगला. म्हणून पडल्याबरोबर प्लग काढा आणि बॅटरी उघड्या मातीवर ठेवा. कडब्याची गंजी, पऱ्हाट्या, वाळलं गवत जवळ नको. गाडीच्या डिकीत तर नाहीच. तासभर तरी लांबून नजर ठेवा, मग एकेक सेलचा व्होल्टेज मोजा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खाली असेल, नुसता ठेवून उतरत असेल, कोपरा दबला असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर ती बॅटरी बाद. पैसे गेल्याची हळहळ वाटते, तरी ती घरात चार्जिंगला लावू नका.

मिठाच्या पाण्यानं आधी कनेक्टर गंजतो आणि सेलमध्ये चार्ज तसाच राहू शकतो. तीन सेलची बॅटरी असेल तर उघड्यावर 12 व्होल्टचा गाडीचा बल्ब जोडून तो पूर्ण विझेपर्यंत उतरवा, मग ई-कचऱ्यात द्या. भोक पडलेली असेल तर वाळूच्या बादलीत, घराबाहेर.