‘माफी’ म्हणा नाहीतर ‘मुक्ती’, फरक काय पडतो?

नमस्कार. ‘कर्जमाफी’ऐवजी ‘कर्जमुक्ती’ म्हणावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “बँकेत आयुष्य गेलं. माफी म्हणा नाहीतर मुक्ती, खात्यातली नोंद एकच. शिकलेला माणूस आकडा बघतो, शब्द नाही. उगाच कीस काढताय.”

आधी शिकलेल्या माणसाबद्दल. १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा प्रश्न डॉक्टरांनाही विचारला होता. काहींना सांगितलं, शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात शंभरातले ९० जगतात. बाकीच्यांना सांगितलं, १० दगावतात. पहिल्यांपैकी ८४ टक्के डॉक्टरांनी शस्त्रक्रिया निवडली, दुसऱ्यांपैकी निम्म्यांनीच. आकडा तोच होता, आणि तो वाचणारे त्याच विषयातले जाणकार होते.

आता तुमच्या क्षेत्राकडे येतो. २०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीचं प्रकरण निकाली निघतं, तेव्हा बँकेला पुष्कळदा येण्यातली मोठी रक्कम सोडावी लागते. त्याला तुम्ही लोक ‘हेअरकट’ म्हणता. (‘राइट-ऑफ’ची गोष्ट वेगळी. तिथे थकलेली रक्कम फक्त बँकेच्या हिशेबातून काढतात, वसुलीचा हक्क शाबूत राहतो. इथे कंपनीवरचं उरलेलं देणं खरोखर संपतं.) जुन्या मालकाच्या हातून कंपनी सहसा जाते, हेही मान्य. तरी ‘उद्योगाला माफी’ असा मथळा मी वाचलेला नाही. शेतकऱ्याचे दीड-दोन लाख सोडले की मात्र माफी! माफी गुन्ह्याची असते. हा शब्द कानावर पडतानाच आरोपी ठरून जातो, मग बोलणं ‘आमच्या कराचे पैसे’ आणि ‘फुकटची सवय’ याच वाटेने जातं. कर्ज मुळात थकलं कशामुळे, हे कुणी विचारत नाही.

शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने नेमकं तेच विचारलं. सरकारच निर्यात अडवून भाव पाडतं, तर त्यातून थकलेलं कर्ज हा शेतकऱ्याचा गुन्हा कसा? ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेने हात पसरणाऱ्याला आपलं येणं मागणारा केलं. मला ही घोषणा आजही फार मोठी वाटते.

फार जुनं कशाला, ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती मे २०२४पर्यंत टिकली. भाव उतरले की शहरातला मथळा असतो ‘ग्राहकांना दिलासा’. तोच भाव बाजार समितीत आणखी खाली गेला की ‘उलटी पट्टी’ येते, म्हणजे कांदा विकून हमाली-तोलाई-गाडीभाडंही सुटत नाही आणि वरचे पैसे शेतकऱ्यालाच खिशातून भरावे लागतात. शहरातल्या वाचकापर्यंत पहिला शब्द रोज पोचतो, दुसरा त्याने बहुधा ऐकलेलाही नसतो. त्याचं मत कुठे झुकणार?

नाव बदलून सातबारा कोरा होत नाही, असं कुणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही. राज्याची २०१७ची योजना ‘सन्मान’ नावाने आली, २०१९ची ‘कर्जमुक्ती’ नावाने, आणि त्यानंतरही केंद्राने निर्यात बंद केलीच. चांगला शब्द झाकण म्हणूनही वापरता येतो. ‘मुक्ती’ लिहून मीही वाचकाला एका बाजूला वळवतोच. का वळवतो, ते लेखात उघड सांगितलंय. पण ‘माफी’ हा तटस्थ शब्द आणि ‘मुक्ती’ तेवढा बाजू घेणारा, हे मला अजिबात मान्य नाही. ‘माफी’चीही बाजू आहे, फक्त सवयीमुळे ती दिसेनाशी झाली आहे.

तुमच्याकडून एक हवंय. थकलेल्या पीककर्जाची नोटीस आणि थकलेल्या कंपनीला जाणारं पत्र, दोन्हींचे मसुदे तुमच्या नजरेखालून गेले असतील. त्यांची भाषा कशी असते, यावर सवडीने लिहाल का? मी ते इथे स्वतंत्र लेख म्हणून छापेन, माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेलं तरी.