उलटलेली बोट सोडायची नसते: ‘धरणावर सेलिंग’च्या मेसेजला उत्तर

‘समुद्र कशाला? आपलं गंगापूर धरण आहे ना! शिडाची बोट चालवण्याचे ८ सोपे नियम’ असा एक मेसेज सध्या नाशिकभर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आहे, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आहे, ट्रेकिंगवाल्यांकडेही आहे. काल तो भाचीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न: “मावशी, रविवारी पिल्लूला पहिल्यांदा नेतोय. हे त्याच्याकडून पाठ करून घेऊ ना?” मुलगा ११ वर्षांचा आहे. यातला एक नियम पाठ झाला आणि वेळेवर आठवला तर मूल जिवानिशी जाईल. म्हणून भाचीला फोनवर सांगून न थांबता हे सगळ्यांसाठी लिहितेय.

आधी तोच नियम घेते. मेसेजमध्ये तो तिसरा आहे: ‘बोट उलटली तर ताबडतोब तिच्यापासून लांब व्हा आणि जवळच्या काठाकडे पोहायला लागा. बुडणारी बोट माणसाला खाली ओढते.’

साफ चूक. शिकायची शिडाची बोट उलटते, पण बुडत नाही. ती बुडू नये अशीच बांधलेली असते. जगभर मुलं ज्या बोटीवर शिकतात ती ऑप्टिमिस्ट घ्या. लांबी २.३६ मीटर, नुसत्या बोटीचं वजन ३५ किलो, शीड सुमारे साडेतीन चौरस मीटर. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठीच तयार केली. तिच्या क्लासचे, म्हणजे या जातीच्या बोटींचे, आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि ते स्पर्धेतल्या प्रत्येक मुलाला लागू असतात. बोटीत हवा भरलेल्या ३ पिशव्या हव्यात. पाणी उपसायचं भांडं दोरीने बोटीला बांधलेलं हवं. डोलकाठीच्या बुंध्यापाशी निदान ८ मीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड, पाण्यावर तरंगणारा दोर हवा. मुलाच्या अंगात जॅकेट हवं आणि त्याच्याजवळ शिट्टी हवी. ही यादी करणाऱ्यांनी काय धरून चाललंय ते बघा. बोट उलटणार, मूल तिला धरून राहणार, ती सरळ करून पाणी उपसणार, आणि जमलं नाही तर शिट्टी वाजवणार, मग सेफ्टी बोट त्या ८ मीटर दोराने बोट ओढत नेणार. बोट सोडून निघालेल्या मुलाला त्या ३ पिशव्यांचा काय उपयोग?

आणि काठ ‘जवळचा’ कुणी ठरवायचा? पाण्यावर मध्ये झाड नाही, घर नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज नेहमी कमी येतो. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात पोहायला शिकलेल्या मुलाला खालची फरशी दिसत असते, दमला तर कडेची नळी हाताला लागते. धरणाच्या मधोमध धरायला एकच वस्तू असते, ती म्हणजे बोट. शिवाय लांबून शोधणाऱ्याला उलटलेल्या बोटीचं पांढरं पोट लगेच दिसतं. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे पाण्यावर सोडलेला नारळ. एकदा नजरेतून सुटलं की पुन्हा सापडत नाही.

आता यातली खरी मेख. कलंडलेली बोट वाऱ्याने वाहत जाते आणि वारा बरा असेल तर माणूस पोहून तिला गाठू शकत नाही. म्हणून पाण्यात पडल्यावर पहिलं काम एकच: हात बोटीवर, नाहीतर मेनशीटवर. (नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. शीट म्हणजे शीड नाही, शीट म्हणजे शीड आत-बाहेर करायचा दोर.) मग तो दोर धरूनच बोटीला वळसा घालून पोटाच्या बाजूला जायचं. तिथे डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या मधून खाली जाणारी फळी, आडवी बाहेर आलेली दिसते. ती दोन्ही हातांनी पकडून लटकायचं. तेवढ्याने बोट हलली नाही तर फळीवर चढून, बोटीची कड धरून मागे झुकायचं. फळीच्या टोकाला उभं राहू नये, ती मोडते. बुंध्याशी उभं राहावं. शीट मोकळी असली पाहिजे, नाहीतर बोट सरळ होताच शिडात वारा भरतो आणि ती पुन्हा कलंडते. बोटीचं पुढचं टोक वाऱ्याकडे असेल तर सगळं निम्म्या ताकदीत होतं. ऑप्टिमिस्ट सरळ झाली की काठोकाठ भरलेली असते. घाबरायचं नाही, चढायचं आणि उपसायचं.

शिडाखाली अडकलो तर? मुलांना खरी भीती याचीच असते आणि मेसेजमध्ये त्यावर अवाक्षर नाही. तळहात वर करून शीड उचलायचं, खाली हवेची जागा होते. श्वास घ्यायचा. मग शिडाची एक शिवण बोटाने धरायची आणि तिच्यावरूनच सरकत जायचं, दिशा बदलायची नाही. साडेतीन चौरस मीटरचं कापड आहे, दोन-तीन हातांत कड येते.

बोट पूर्ण पालथी झाली आणि पाणी उथळ असलं तर डोलकाठीचं टोक गाळात रुततं. धरण उतरलेलं असताना, एप्रिल-मेमध्ये, हे जास्त घडणार. अशा वेळी फळीवर उड्या मारू नयेत, काठी वाकते. पालथ्या बोटीवर बसून शिट्टी वाजवावी.

मोठी माणसं इल्कावर शिकतात, तिला अजूनही बरेच जण लेझर म्हणतात. ४.२ मीटर लांब, ५९ किलो, आतून पोकळ आणि सीलबंद. मागच्या बाजूला पाणी काढायचं एक छोटं बूच असतं. ते लावायला विसरलं तर मात्र बोट हळूहळू आतून भरते, जड होते, सुकाणूला दाद देत नाही आणि उलटल्यावर सरळही होत नाही. ‘बोट बुडते’ यात खरं असलंच तर एवढंच. उपाय म्हणजे पाण्यात उतरण्याआधी बूच बोटाने फिरवून बघणं.

दुसरा नियम: ‘चांगलं पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट घालू नका, हालचालीला अडथळा होतो.’ यातलं अर्धं नाइलाजाने मान्य करते. सहलीच्या बोटींवर मिळणारं ते जाड नारिंगी जॅकेट घालून खरंच नीट वाकता येत नाही, आणि डोक्यावरून बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, जाताना वाकावंच लागतं. पण म्हणून उघड्या अंगाने जायचं नसतं. त्यासाठी वेगळं जॅकेट मिळतं. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) बॉयन्सी एड, आयएसओ १२४०२-५ असा शिक्का बघून आणि मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं. ते पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथेच वापरायचं असतं. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. पोहता न येणाऱ्याला निदान १०० न्यूटनचं हवं. मापात आहे का ते असं बघा: सगळे पट्टे आवळा आणि खांद्यापाशी धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घेणारे पालक आहेत. गणवेशाला ते चालतं, इथे नाही.

पाचवा नियम: ‘शिडाचा दोर हाताला दोन वेढे देऊन धरा, म्हणजे सुटणार नाही.’ तो सुटायलाच हवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ८ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वाऱ्यात आरामात धरलेला दोर १६ नॉटचा झोत आला की चौपट ओढतो, आणि झोत आधी सांगून येत नाही. बोट कलंडू लागली की दोर ढिला सोडायचा, शीड फडफडतं, बोट सरळ होते. नवख्याला ब्रेक म्हणून एवढी एकच गोष्ट हातात असते, आणि हा नियम नेमकी तीच बांधून टाकतो. वेढे दिलेला हात बोटीबरोबर पाण्यात जातो, बोटं चिरडतात ती वेगळीच. त्याच कारणाने शिकताना शीट क्लीटमध्ये, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकवूनही ठेवू नये. दोर कप्पीतून पूर्ण निघून जाण्याची भीती असेल तर त्याच्या टोकाला आठाची गाठ मारा, काम झालं.

चौथा: ‘सुरुवात वारा पाठीमागून घेऊन करा, सगळ्यात सोपं.’ सोपं वाटतं हे खरं. वाऱ्याच्याच दिशेने चालल्यामुळे तो अंगाला कमी लागतो आणि सगळं शांत भासतं. तेवढ्यात बोट थोडी वळली की वारा शिडाच्या मागून शिरतो आणि बूम एका बाजूची दुसऱ्या बाजूला फाडकन येते. ती अॅल्युमिनियमची नळी असते आणि बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवरून जाते. परतीचा प्रश्न आणखी वेगळा. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, दोन्ही बाजूंचे साधारण ४५ अंश तिला बंद असतात. त्यामुळे मजेत १० मिनिटं गेलेल्या मुलाला परत यायला नागमोडी वाट काढावी लागते, आणि ती त्याला अजून शिकवलेलीच नसते.

सुरुवात आडव्या वाऱ्यावर करायची. दोन बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, टाकायचे आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरायचं. प्रत्येक टोकाला वाऱ्याच्या बाजूने वळायचं: वळायच्या बाजूला बघून घ्यायचं, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, शिडाकडे ढकलायचा, वाकायचं, बूम डोक्यावरून गेली की दुसऱ्या बाजूला बसायचं, तोंड पुढेच ठेवायचं. पहिल्या दिवशी एवढं जमलं तरी पुष्कळ.

सहावा म्हणतो, ‘पावसाळ्यात धरण भरलेलं, वारा भरपूर, तेव्हा शिका.’ गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याचे फोटो दर पावसाळ्यात आपणच पाठवतो, ते पाणी येतं कुठून? धरणाचे दरवाजे उघडे असताना त्या पाण्यावर नवख्याचं काम नाही. वाऱ्याचा हिशोबही उलटा आहे. पहिल्या धड्यांना ४ ते ८ नॉट पुरतात. काठावर धूळ आणि कागद उडायला लागले, बारीक फांद्या हलायला लागल्या की समजा ११ नॉटच्या पुढे गेलाय. त्या दिवशी मुलाला काठावर बसवून गाठी शिकवा. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले तर आधीच बाहेर यावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरू नये. धातूची काठी उभी असलेली बोट विजेच्या तारांखालून नेऊ नये, शेताकडच्या तारा खाली झोळलेल्या असतात.

‘धरणाचं पाणी संथ, म्हणून धोका नाही’ या पहिल्या नियमाला एवढंच म्हणेन की भरती-ओहोटी नाही हे बरोबर. पण डोंगराआडून येणारा वारा सारखा दिशा बदलतो, आणि ते समजून घ्यायला जास्त लक्ष लागतं. गोड्या पाण्यावर शिकणं हलकं मुळीच नाही. नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची, शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इल्का-४ मध्ये, म्हणजे लहान शिडाच्या इल्कामध्ये, तिने रौप्य मिळवलं.

सातव्यात ‘आपल्या नाशिकच्या दत्तू भोकनळने सेलिंगमध्ये ऑलिंपिक गाठलं’ असं आहे. दत्तू चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, तेरावा आला. तो खेळ रोइंग. त्यात वल्ही असतात, शीड नसतं. त्याच्या मेहनतीचं कौतुक करताना निदान खेळ तरी नीट सांगावा. आणि आठवा, ‘स्वतःची बोट घ्या’: पहिले सहा महिने जॅकेट, शिट्टी, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पाय झाकणारे बूट याशिवाय काहीही घेऊ नका. जीन्स नको, भिजली की जड होते.

भाचीला आता रविवारपुरतं सांगते. तिथे गेल्यावर शिकवणाऱ्यांना विचार की इंजिनाची सेफ्टी बोट पाण्यात असणार का आणि ती कोण चालवणार. शिडाच्या वरच्या टोकाला ५ लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन बांधायला सांग. त्याने बोट कलंडली तरी पालथी होत नाही. आणि विचार, आज याची बोट मुद्दाम उलटवणार का. पुरेसं खोल पाणी बघून, सेफ्टी बोट शेजारी ठेवून, पहिल्याच दिवशी दोन-तीनदा. ‘हो’ म्हणाले तर पिल्लूला खुशाल सोड. ‘त्याची काय गरज’ म्हणाले तर त्याला घेऊन घरी ये.